हिरड्यांवरून ओळखलेली माणसं

माझे धाकटे दीर साठीला टेकले आहेत आणि कवळ्यांच्या तोंडून बोलतात. डोकं शाबूत आहे त्यांचं, तसली काळजी नको. फक्त मेणात दात लावून झाले की ती कवळी हातात धरायची, अंगठ्यानं तिची उघडमीट करायची आणि तिच्या मालकाच्या आवाजात काहीतरी बोलायचं, ही त्यांची जुनी खोड. "हा चहा आहे की गरम पाणी?" एक कवळी म्हणते. दुसरी म्हणते, "मी कुणाबद्दल काही बोलत नाही हं," आणि मग थांबायचं नावच घेत नाही.

आमचं कवळ्या बनवण्याचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी दात लावायचं टेबल. आतल्या खोलीत प्लास्टरची पोती, कवळ्या शिजवायचं भांडं आणि पॉलिशचं चाक. त्या चाकासमोर माझा निम्मा दिवस जातो आणि घरी गेल्यावरही त्याची घरघर कानातून जात नाही. दवाखान्यातून माणसाच्या बोळक्या तोंडाचं माप येतं. त्यावरून आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो, त्यावर मेण चढवतो, मेणात दात रोवतो आणि डब्यात घालून परत पाठवतो. दवाखान्यात माणूस ती मेणाची कवळी घालून आरशात बघतो. पसंत पडली की ती पुन्हा आमच्याकडे येते, मेण जाऊन त्या जागी गुलाबी प्लास्टिक बसतं आणि काम संपतं. माणूस मात्र आम्हाला कधीच दिसत नाही. डब्यावर नंबर असतो, तेवढीच त्याची ओळख.

भाऊजींचं घोडं अडतं ते इथंच. नंबरावर त्यांचं भागत नाही. प्लास्टरच्या जबड्यावरून ते बोट फिरवणार, हिरडी कुठं बसलीय, कुठं उंच राहिलीय ते चाचपणार आणि म्हणणार, "वहिनी, हा डावीकडूनच चावत आलाय. हट्टी असणार." मग त्याला नाव ठेवणार. मग त्याचे मूळचे दात कसे असतील तसे आधी मेणात लावणार, म्हणजे एक पुढे, एक मागे, मध्ये फट. लांब जाऊन बघणार, खूश होणार, दोन वाक्यं बोलून घेणार आणि त्यानंतर कुठं सुरी दिव्यावर तापवून एकेक दात सरळ करायला घेणार. एकाच कवळीचं काम दोनदा. हे होते तेव्हा तर दोघं भाऊ एकेका जबड्यावरून तासभर भांडायचे. हे म्हणायचे, हा हेडमास्तर आहे. भाऊजी म्हणायचे, छे, ही हेडमास्तरची बायको आहे, तो बोलतच नाही. मी आतून ओरडायची आणि दोघंही शाळेतल्या पोरांसारखे खाली माना घालून कामाला लागायचे.

हे गेले, आणि भाऊजींना भांडायला कुणी उरलं नाही. अधूनमधून ते जबडा माझ्यापुढे धरून विचारायचे, "हा कोण असेल, वहिनी?" मी म्हणायची, "कोणी का असेना, डबा आज गेला पाहिजे." मी वाईट बाई नाही. थकले होते. झोपलं की जाणारा थकवा वेगळा. हा सकाळी माझ्याबरोबरच उठायचा, माझ्याबरोबर जिना चढायचा आणि चाकासमोर माझ्या आधी जाऊन बसायचा.

आमचं बहुतेक काम एका डॉक्टरीणबाईंकडून येतं. तरुण, कामाला चोख, बोलायला तुटक. त्यांचा फोन आला की मी उभी राहते, समोर कुणी दिसत नसलं तरी. त्या म्हणाल्या, "मोठी लॅब निघालीय, मशीनवर दात लावतात. तुमच्यापेक्षा निम्म्या वेळात कवळी हातात. तुमचं काम चांगलं आहे म्हणून मी थांबलेय. पण माझे पेशंट बोळक्या तोंडानं किती थांबणार? त्यांना जेवायचं असतं." यात त्यांचं काय चुकलं? माझं तोंड बोळकं असतं आणि मला कुणी असं ताटकळत ठेवलं असतं, तर मी याहून तिखट बोलले असते.

मी फोन ठेवला आणि भाऊजींना सरळ सांगितलं, "आजपासून हा पोरखेळ बंद. दात एकदाच लावायचे आणि सरळ लावायचे. नाहीतर कुलूप लावून घरी बसू."

"एकदा वाकडे लावून बघितलं की मग माणूस डोळ्यापुढे येतो, आणि सरळ करताना..."

"भाऊजी."

"बरं," ते म्हणाले.

हे 'बरं' मला ओळखीचं होतं. त्याचा अर्थ 'तुमची पाठ वळू दे' असा होतो. दोनच दिवसांनी मी आत चाकावर होते, डबे न्यायला दवाखान्याचा माणूस वेळेआधीच दारात आला, आणि मी आतूनच ओरडले, "त्याला थांबवू नका, जे झालंय ते द्या!" भाऊजींनी गडबडीनं टेबलावरची कवळी डब्यात घातली, झाकण लावलं आणि डबा गेला. चाक थांबवून मी बाहेर आले तेव्हा ते तापलेली सुरी हातात धरून रिकाम्या टेबलाकडे बघत उभे होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"सरळ करायची राहिली," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. दवाखान्यात फोन करायचा तर सांगायचं काय? आम्ही गंमत म्हणून दात वाकडे लावतो, तेवढे काढून ठेवा? मी काय बोलायचं ते मनात जुळवत होते, तोवर तिकडूनच फोन आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोघंही या. आत्ता."

दवाखान्याच्या खुर्चीत एक म्हाताऱ्या बाई ताठ बसल्या होत्या. चापूनचोपून विंचरलेले केस, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी. बाजूच्या ताटलीत आमची मेणाची कवळी होती. तिचा समोरचा एक दात दुसऱ्यावर चढला होता, दोन्ही पुढे आले होते, आणि सुळ्याशेजारी ही एवढी फट. एवढ्या पांढऱ्या स्वच्छ दिव्याखाली ते सगळं फारच वाईट दिसत होतं.

"कुणी लावले हे?" बाईंनी विचारलं. दात नसल्यानं त्यांचे शब्द सांडत होते, पण रागातला एक थेंबही सांडत नव्हता.

"मी," भाऊजी म्हणाले. "चूक झाली. सरळ करायचे राहिले."

"चूक? हा दात असाच होता. ह्याच्यावर हा असाच चढलेला. आणि फट इथंच. तुम्हाला माझा फोटो कुणी दिला?"

"फोटो नाही. हिरडीवरून अंदाज केला."

आणि मी समोर होते म्हणून सांगते, भाऊजींचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांत त्यांचा एकही अंदाज बरोबर की चूक हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आज पहिल्यांदा कळलं होतं, आणि तो बरोबर निघाला होता. त्यांना आवरता आलं नाही. ते हसले.

बाईंनी ते पाहिलं.

"हसताय?" त्या म्हणाल्या. "सगळे हसायचे. शाळेत मला फावडी म्हणायचे. घरातसुद्धा. मला बघायला आलेली माणसं दाताकडे बघायची आणि कळवतो म्हणून जायची. माझा शेवटचा दात पडला तेव्हा बहीण रडली. मी नाही रडले. मी म्हटलं, सुटले बाई. आता सरळ मिळतील, एकदा तरी. आणि आज आरसा हातात घेतला, तर ही फावडी परत समोर!"

त्यांचा आवाज तिथं फाटला. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाण्याचा पेला दिला. आम्ही दोघं भिंतीला लागून उभे होतो आणि मला पहिल्यांदाच आमच्या डब्यांवर फक्त नंबर असतो याचं बरं वाटलं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "सरळ करून उद्या पाठवा." त्या ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

भाऊजींनी त्या कवळीचे दात सरळ केले. काचेची पट्टी लावून लावून तपासले. नंतर सुरी पुसून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, यापुढे दात तुम्ही लावा. मी प्लास्टरचं आणि चाकाचं बघतो."

"मी?"

"तुम्ही सरळ लावता."

मला वाटलं, दोन दिवसांचा रुसवा आहे, जाईल. गेला नाही. ते आतल्या खोलीत गेले ते तिथलेच झाले. सकाळी यायचे, बाही वर करायचे, प्लास्टर कालवायचे. माझ्यापुढे पांढरे जबडे ओळीनं येऊन पडायचे आणि मी दात लावायची. कार्डावर चिकटून आलेले तयार दात काढायचे, नेमाप्रमाणे रोवायचे, डबा बंद. काम झपाट्यानं होऊ लागलं. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, चक्क शाबासकी दिली आणि आणखी डबे पाठवले. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि त्यातलं काहीच मला नको होतं.

कारण खोली गप्प झाली होती. इतकी वर्षं मी ज्या बडबडीवर वैतागत होते तिच्यावरच माझा दिवस कसाबसा रेटला जात होता, हे मला आत्ता कळत होतं. भाऊजी जेवणाच्या सुट्टीत समोर बसायचे, डबा खायचे, "बरं झालंय" म्हणायचे आणि उठायचे. प्लास्टर काय, कुणीही ओततं. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत, शेजारच्या खोलीत राहून, निघून चालला होता. एक गेला तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. या वेळी मी स्वतःच पोरखेळ बंद म्हणून बसले होते, आणि तो पुन्हा सुरू कसा करायचा हे मला ठाऊक नव्हतं.

एकदा प्रयत्न केला. आतल्या दारात जाऊन एक मेणाची कवळी हातात धरली, अंगठ्यानं उघडली आणि जाडा आवाज काढून म्हटलं, "नमस्कार, कुणी आहे का घरात?"

भाऊजींनी वर पाहिलं. "घसा बसलाय का?" त्यांनी विचारलं. "गरम पाणी घ्या."

मी कवळी टेबलावर ठेवली आणि पुढचा दात लावायला घेतला.

मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात त्या बाई उभ्या राहिल्या. मी उठूनच उभी राहिले. आमच्याकडे पेशंट येत नाहीत, कधीच आले नाहीत. त्यांनी दवाखान्यातून पत्ता काढला होता. जिना चढून दम लागला होता तरी बसायला तयार नव्हत्या.

"तुमचे ते दीर कुठं आहेत?"

"आत आहेत, प्लास्टर ओततायत. टोचतंय का काही? मी बघते."

"तुम्ही नको. त्यांना बोलवा."

भाऊजी हात पुसत आले. बाई आहेत हे बघताच दारातच थबकले. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे आणि चेहरा त्याहून पांढरा.

बाईंनी ओठ मागे ओढून दात दाखवले. एका ओळीत, सरळ, नवे कोरे. "कसे दिसतात?"

"छान," भाऊजी म्हणाले.

"बहिणीकडे गेले. तिनं दार उघडलं आणि मलाच विचारलं, कोण पाहिजे? माझी सख्खी बहीण!" हे सांगताना बाई हसल्या, आणि हसताना हात तोंडावर गेला. बहुतेक सवयीनं. तो त्यांनी लगेच खाली घेतला. "इतकं बरं वाटलं मला, काय सांगू. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझे दात कसे होते हे तुम्हाला नुसत्या हिरडीवरून समजलं. मग आणखी काय काय समजलं? ते ऐकायला आलेय."

"काही नाही. तसं काही नसतं ते," भाऊजी म्हणाले आणि आत वळायला लागले.

"घाबरू नका. मला आता चावता येतं, पण चावणार नाही."

मला हसू फुटलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "सांगा की. यांना नाव काय ठेवलं होतंत?"

"वहिनी!"

"सांगा."

"मोठ्या बाई," भाऊजी खाली बघत म्हणाले. "म्हणजे शाळेच्या. कडक. वर्गात पाऊल टाकलं की सगळे चिडीचूप."

"चूक," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. "मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. लोकांना नंबर जोडून द्यायचे. आवाज ऐकू जातो, तोंड दिसत नाही, म्हणूनच धरली ती नोकरी. पुढे."

"घरात थोरली सून. सगळं तुमच्यावर."

"चूक. लग्नच केलं नाही. पुढे."

"गोड आवडत नाही."

"अहो, गोडानंच तर गेले दात! तुमचं काही बरोबर येतं की नाही?"

भाऊजी एव्हाना खोलीच्या मधोमध आले होते. एकेक अंदाज फसत होता आणि मला वाटत होतं, आता हा माणूस कायमचा खचणार. मी थांबवायलाच उठत होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर खचल्याची खूण नव्हती. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं आणि बाईंसमोर बसले.

"मग डावी हिरडी एवढी का बसलीय?" त्यांनी विचारलं. हा अंदाज नव्हता, सरळ प्रश्न होता. "मी म्हणत होतो, हट्टी माणूस आहे, एकाच बाजूनं चावतो."

बाई आठवायला लागल्या. "त्या बाजूचे दात सगळ्यात आधी गेले. तिथं मी पेन्सिल धरायची. दोन्ही हात तारांत अडकलेले असायचे ना. दिवसभर दातात पेन्सिल."

"पेन्सिल!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली, पांढरा धुरळा उडाला. "ऐकलंत, वहिनी? पेन्सिल! दादा असता तरी त्याला सुचलं नसतं. आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं भलत्याच माणसांना भलतीच नावं ठेवली म्हणायची!" आणि ते हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. प्लास्टरच्या हातानं डोळे पुसले, तर आणखी पाणी आलं. तिकडे बाई आपली एक्सचेंजची हकीकत सांगत होत्या, कुणाचे नंबर चुकून कुणाला जोडले, कोण रोज वेळ विचारायला फोन करायचा, आणि भाऊजी पुढे काय, मग काय, करत ऐकत होते. मला त्यांचा हेवा वाटला. खरंच वाटला. सगळं चुकलं म्हणून एवढा आनंद होणारा माणूस मी त्यांच्याशिवाय पाहिलेला नाही. मी चुकले की रात्र रात्र तळमळते.

निघताना बाई दारात थांबल्या. "ते वाकडे मेणाचे कुठं आहेत?"

"तेच सरळ केले," भाऊजी म्हणाले. "तेच तुमच्या तोंडात आहेत."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "त्या फावडीला एकदा लांबून बघायला आवडलं असतं मला," असं म्हणून उतरून गेल्या.

भाऊजी आतल्या खोलीत गेले नाहीत. हात धुऊन आले आणि खिडकीपाशी, माझ्या शेजारी, येऊन बसले. पुढचा जबडा उचलला, हिरडीवरून बोट फिरवलं, आणि तो माझ्या हातात दिला.

मी खूप जबडे हाताळलेत, पण असे, भांड्यासारखे. त्या दिवशी पहिल्यांदा त्यावर बोट ठेवून थांबले. हिरडी पार झिजून सपाट झाली होती.

"हा फार दिवस बिनदाताचा राहिलाय," मी म्हटलं. "वर्षं झाली असतील. एकटा असणार. समोर बसून जेवणारं कुणी असतं तर एवढं राहू दिलं नसतं."

भाऊजी यावर काही गंमत करतील म्हणून मी थांबले. त्यांनी केली नाही. ते जबड्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"आणि तुमचा तो वरचा दात जाऊन किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"कुठला दात?" मी म्हटलं. पण एवढं म्हणायलाही तोंड उघडावं लागलंच.

"दादा असता तर पहिल्याच दिवशी ओरडला असता. माझं लक्ष गेलं होतं, वहिनी. मी बोललो नाही." त्यांनी टेबलावरचा दिवा माझ्याकडे वळवला. "बसा. माप घेतो."

"डबे पडलेत."

"पडू देत."

मी बसले. दुसऱ्यांच्या कवळ्या घडवण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्या तोंडातली ही फट मी इतके दिवस जिभेनं चाचपत, तोंड मिटून लपवत होते, कारण दात घातला तर तो बघायला कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं. भाऊजी वाकून बघू लागले, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पाहिलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.